क्षार बसलेली नळी

पेरूच्या बुंध्यांपाशी उन्हात तापत पडलेली मी एक जुनी ठिबकची नळी आहे, मित्रांनो. राहात्याजवळ इसहाकभाऊंच्या बागेत आले, तेव्हा मी काळीभोर, गुळगुळीत होते. माझ्या अंगावरचे ड्रीपर प्रत्येक झाडाला थेंब थेंब पाणी देत. "लई गुनाची हाय," असे भाऊ चारचौघांत सांगत आणि मी फुगून जाई.

पण आमच्या विहिरीचे पाणी जड. त्यात चुना विरघळलेला असतो. उन्हाने पाणी सुकले, की तो ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा होऊन बसतो. असे ड्रीपर बुजत गेले आणि हळूहळू झाडांची शेवटची ओळ तहानेने पिवळी पडली. ती रोपे भाऊंच्या पत्नी साराताईंनी माहेरून आणून लावली होती. भाऊंनी टाचणीने ड्रीपर टोकरले. सुरुवातीची भोके रुंदावली, तिथे चिखल झाला आणि शेवटच्या ओळीला होते तेवढेही पाणी उरले नाही. दुखले मला, आणि दोषही मलाच.

"भंगारात देऊ हिला. ती झाडं बी तोडू," भाऊ म्हणाले.

"पानी तापवायच्या पातेल्यात असाच थर बसतो," साराताई म्हणाल्या. "चिंच लावली की निघतो. पातेलं कुनी फेकतं का?"

त्यांनी एक ड्रीपर लिंबाच्या रसात टाकला. बारीक बुडबुडे आले. मित्रांनो, साध्या पाण्यात हा चुना हटून बसतो. आंबटाशी गाठ पडली, की त्याचा काही भाग वायू होऊन उडतो आणि उरलेला पाण्यात विरघळतो. सगळेच क्षार असे नसतात. मिठाला आंबटाचे काहीच वाटत नाही.

बुडबुडे पाहून भाऊंनी दुकानातून अ‍ॅसिड आणले. त्यांनी हातमोजे घालून ते पाण्यात ओतले. उलट, अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतले तर ते अंगावर उसळते. बिघडलेले ड्रीपर बदलले. ते आंबट पाणी माझ्यात बराच वेळ मुरू दिले आणि मग माझे टोक उघडले. पांढरट, गढूळ पाणी भळभळ वाहून गेले.

टोक बंद केल्यावर साराताई शेवटच्या झाडापाशी उकिडव्या बसल्या. काहीच येईना. मी जीव एकवटला. मग त्यांच्या तळहातावर एक थेंब पडला, मागोमाग दुसरा.

"आलं पानी," त्या हळूच म्हणाल्या आणि ओला हात पिवळ्या पानांवरून फिरवला.

मित्रांनो, एखादी वस्तू अडून बसली तर तिला टोचू नका. तिच्या तोंडाशी काय साचले आहे ते आधी पाहा. तुम्ही नळी फेकता, तेव्हा तिच्या टोकाला कोणीतरी तहानलेले असते.