इंद्रभानचं नाव

मेहकरच्या त्या धर्मादाय संस्थेत पुष्पांजलीबाई बारा वर्षं परिचारिकांना शिकवत होत्या. वर्षभरापूर्वी तक्रार समिती नेमली गेली, तेव्हा तिच्या प्रमुखही त्याच झाल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, निनावी चिठ्ठ्या नकोत; नाव घालून लिहा, ते माझ्यापाशीच राहील.

बरेच महिने कुणी काही लिहिलं नाही. मग फिरत्या दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या इंद्रभानने लिहिलं. डोळ्यांत टाकायच्या औषधाची मुदत संपली की गोदामात बाटलीवर नव्या तारखेचा कागद चिकटवतात, हे त्याने समक्ष पाहिलं होतं. पत्रासोबत त्याने दोन बाटल्याही आणून दिल्या. पुष्पांजलीबाईंनी एकीचा कागद नखाने सोलला. खाली दीड वर्षापूर्वीची तारीख निघाली. हेच औषध मागच्या शिबिरात त्यांच्या विद्यार्थिनींनी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या डोळ्यांत घातलं होतं.

पत्र आणि दुसरी बाटली कपाटात ठेवून, सोललेली बाटली घेऊन त्या तडक अध्यक्षांकडे, भगवंतरावांकडे गेल्या. नवरा वारल्यावर त्यांना नोकरी देणारे हेच. भगवंतरावांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला, आजच गोदाम तपासतो म्हणाले. बाई दाराशी पोचल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "सांगणारा भरवशाचा आहे ना? उगाच कुणावर आळ नको."

"इंद्रभान आहे," बाई म्हणाल्या. "तो खोटं लिहायचा नाही."

आपण काय केलं हे त्यांच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर दुसराच ड्रायव्हर होता. इंद्रभान आजारी असेल असं धरून त्यांनी कार्यालयात चौकशी केली. कारकून सागरने मान वर न करता एक कागद पुढे सरकवला. औषधाच्या दोन बाटल्या चोरल्याबद्दल, तक्रार समितीच्या शिफारशीवरून, इंद्रभानला कामावरून काढलं होतं. खाली समितीप्रमुख म्हणून त्यांचंच नाव छापलेलं होतं.

बाई बाकावर बसल्या. अक्षरं दिसत होती, पण त्यांचा अर्थ डोक्यात शिरेना. पुरावा म्हणून त्याने हातात दिलेल्या बाटल्याच चोरीच्या ठरवल्या होत्या, आणि तेही त्यांच्या नावाने.

कागद घेऊन त्या भगवंतरावांच्या खोलीत गेल्या. त्यांनी बाईंसाठी चहा मागवला. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. संस्था टिकली पाहिजे, एवढंच ते म्हणाले, आणि तुम्हीही इथल्याच आहात. त्या मायेनेच बाईंच्या अंगावर काटा आला. चहा तसाच टाकून त्यांनी कपाटातलं पत्र आणि बाटली पिशवीत घातली आणि इंद्रभानच्या गावाची, हिवरा आश्रमची एसटी पकडली.

इंद्रभानची बायको केसरबाई दारातच उभी होती. तिने बसा म्हटलं नाही. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याचं नाव कुणी फोडलं, तेही सांगितलं.

इंद्रभान आतून ओसरीवर आला होता. त्याला वाटलं होतं, गोदामातल्या कुणीतरी पाहिलं असेल.

"मॅडम, मी तं बिननावाचंच टाकणार होतो," तो म्हणाला. "तुम्ही होत्या म्हणून नाव लिहिलं."

 बाईंनी तिथेच ओसरीवर बसून कागद काढला आणि लिहिलं, बाटल्या त्याने पुरावा म्हणून माझ्याकडे दिल्या. समितीने कसलीही शिफारस केलेली नाही. त्याचं नाव मी अध्यक्षांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कागद, पत्र आणि बाटली त्यांनी बुलढाण्याला जाऊन औषध निरीक्षकांच्या हाती दिली.

आठवड्याभरात गोदामाला सील लागलं. भगवंतरावांना पायउतार व्हावं लागलं, चोरीचा ठपका लेखी मागे घेतला गेला. संस्थेने इंद्रभानला परत बोलावलं, पण तो गेला नाही. आता तो एका शाळेची गाडी चालवतो.

नवी समिती नेमायची वेळ आली तेव्हा कर्मचाऱ्यांनी पुष्पांजलीबाईंचंच नाव पुढे केलं. त्यांच्यासारखं धाडस कुणी दाखवलं, असं एकजण म्हणालाही. बाई उठल्या आणि इंद्रभानची नोकरी कशी गेली ते त्यांनी भर बैठकीत सांगितलं.  समितीवर बाहेरचा माणूस घ्या, म्हणाल्या, आणि खाली बसल्या.