शेवाळ्याचे पिवळे डोळे

मित्रांनो, मी एक जुना पक्षी आहे, पेंढा भरलेला. संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या काचेच्या कपाटात मी उभा असतो. शहराच्या कडेच्या दलदलीत आम्ही शेकड्यांनी राहत होतो. पाठ हिरवट, म्हणून लोक आम्हाला शेवाळ्या म्हणत.

ती दलदल बुजवून घरे बांधायचे ठरले. जमीन मोजायला आलेल्या मोजणीदाराला मी बांधावर मरून पडलेला दिसलो. दोन दिवसांनी सवड मिळाली, तेव्हा त्याने मला चपलांच्या खोक्यात घालून संग्रहालयातल्या कारागिराकडे आणले.

कारागीर हाताचा पक्का होता. कातडी सोलण्याआधी तो डोळ्यांचा रंग वहीत टिपून घेई, कारण मेल्यावर तो लवकर उडतो. माझे डोळे पांढुरके झाले होते.

"जिवंतपणी रंग कसा असतो हो यांचा?"

"मी जमिनी मोजतो, राव. पाखरांच्या डोळ्यांत बघत बसलो तर झालंच माझं काम," मोजणीदार हसला. "जाऊन बघा की. पैशाला पासरी आहेत तिथे."

कारागिराने डब्यात होते ते पिवळे काचेचे डोळे तात्पुरते बसवले. हिवाळ्यात एखादा जिवंत शेवाळ्या पाहून बदलू, असे त्याच्या मनात होते. त्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या पेंढा भरलेल्या हत्तीची डागडुजी निघाली. पुढच्या हिवाळ्यात बायकोचे आजारपण. तिसऱ्या वर्षी तो लहानग्या मुलीला सायकलवर बसवून गेला, तेव्हा तिथे चारमजली इमारती होत्या आणि गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. बापलेक संध्याकाळपर्यंत नाल्याच्या कडेने फिरली. शेवाळ्या एकही नव्हता. पुढे कुठेच दिसला नाही.

माझे मात्र कौतुक होत राहिले. शाळेच्या पुस्तकात माझे चित्र आले, तेही पिवळ्या डोळ्यांचे. कुणी त्या डोळ्यांची तारीफ केली, की कारागीर हातातले फडके काचेवर उगाच फिरवत राही.

गेल्या महिन्यात तो वारला. त्याच्या टेबलावर आता त्याची मुलगी काम करते. काल तिने माझ्या पायाशी नवी पाटी ठेवली: 'खरा रंग माहीत नाही. डोळे अंदाजाने बसवले आहेत.'

शिपाईकाकांनी पाटी दोनदा वाचली. "पोरी, माणूस जाऊन महिना नाही झाला, आणि तू त्याची चूक चव्हाट्यावर मांडतेस?"

"बदलतो, बदलतो म्हणत गेले हो बाबा. आता मी बदलायचे, तर रंग कुणाला विचारू?"

काकांनी कपाटाचे दार धरून ठेवले आणि तिने पाटी सरळ केली.

तुम्ही म्हणाल, तुला तरी ठाऊक असेल. मित्रांनो, मी कातडी, तार आणि पेंढा आहे. ज्या डोळ्यांनी मी माझी पिले पाहिली, ते केव्हाच गेले.

तुमच्या घराजवळ जे पाखरू येते, त्याचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत? पुष्कळ आहेत म्हणून उद्यावर टाकू नका. आज जा आणि नीट पाहा. त्याचे डबके बुजवायला कुणी आले, तर त्याला हाताला धरून काठावर न्या आणि आधी ते डोळे पाहायला लावा.