पत्रूभाऊच्या गादीखालची पट्टी

माझं वय सहा वर्षं. माणसांत या वयाला शाळेत नाव घालतात, आमच्या यंत्रांच्या जातीत मात्र याला म्हातारपण म्हणतात. तेव्हा मित्रांनो, या म्हातारीचं थोडं ऐकून घ्या. मी श्वास मोजणारी पट्टी आहे. वीतभर रुंद, खाटेच्या रुंदीइतकी लांब, अंगाने पापडासारखी पातळ. मला गादीखाली आडवी घालतात, बरोब्बर छातीच्या खाली. माझ्या पोटात हवा भरलेली असते. वर झोपलेल्या माणसाची छाती फुगली की ती हवा दबते, छाती बसली की मोकळी होते. तेवढं मला कळतं आणि माझ्या शेजारची छोटी डबी ते टिपून ठेवते. सुई नाही, नाकात नळी नाही, अंगाला वायर नाही. माणसाला मी पाठीखाली आहे हे कळतसुद्धा नाही. याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, लपवू कशाला?

पुण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि ताडोब्याच्या जंगलाशेजारी, मोहर्लीजवळच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात माझी बदली झाली. बदली कसली, अडगळच ती! पहिले आठ महिने मी कपाटात जुन्या रजिस्टरांखाली पडून होते. एकदा कोणीतरी मला कंबर शेकायची पट्टी समजून बाहेर काढलं आणि गरम होत नाही म्हणून शिव्या देऊन परत ठेवलं. राग आला हो फार! पण बोलायला तोंड कुठे होतं?

मग पुनमताई आल्या. केंद्रातल्या नव्या आरोग्य अधिकारी, नागभीडच्या. त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, सोबतचं पुस्तक वाचलं आणि गावात सांगत सुटल्या, की कोणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर मला सांगा. गावाने काय केलं? गाव हसलं! कारण आमच्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे सुखी माणूस. त्यातून त्या गावात तर घोरण्याला मानच होता.

तो मान होता पत्रूभाऊंचा. पत्रूभाऊ ताडोब्यात पर्यटकांची जिप्सी चालवत. धानाच्या लोंब्या भरायला लागल्या की गावातली माणसं रानडुकरं हाकलायला शेतातल्या मचाणावर जागलीला जातात. पत्रूभाऊंना सगळे आपल्या मचाणावर बोलवायचे, कारण ते घोरायला लागले की डुकरं त्या बांधाला फिरकत नसत. 'जागलीले पत्रू असला का बाकीच्याईनं झोपून घ्या,' असं लोक म्हणत. पत्रूभाऊ मिशीत हसत.

पण त्यांची बायको कमळाबाई हसत नव्हती. एका दुपारी ती केंद्रात आली आणि पुनमताईंसमोर बसून म्हणाली, "बाई, हे घोरते तवरी मी निवांत राह्यतो. घोरणं बंद झालं का मी उठून पाह्यतो. श्वासच येत नाई न जी! मंग एकदम दचकून श्वास घेते. अन दिवसा पाहा तं जेवता जेवता डोळे मिटते."

पुनमताई मला पिशवीत घालून त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्या.

"पत्रूभाऊ, एक रात झोपून तं पाहा याच्यावर. सुई नाई, दवाई नाई."

"अन कागदावर काही आलं तं?" पत्रूभाऊ म्हणाले. "डायवरले झोपेची बिमारी हाय म्हणून समजलं, तं मले कोण बसू देईन गाडीवर? अठरा वर्ष झाले जिप्सी चालवून राह्यलो. दुसरं काय येते मले?"

पुनमताईंनी समजावलं, कमळाबाईने शपथ घातली, तेव्हा कुठे ते कसेबसे 'हो' म्हणाले. दुसऱ्याच दिवशी कमळाबाईला नागभीडला जावं लागलं. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दहावीतल्या दिव्यानीला, म्हणजे आपल्या मुलीला घेऊन ती दोन दिवसांसाठी गेली. आणि मित्रांनो, त्या रात्री माझ्यावर जो माणूस येऊन झोपला तो पत्रूभाऊ नव्हताच!

तो होता त्यांचा चुलत भाऊ प्रफुल, रिसॉर्टवरचा स्वयंपाकी. अंगाने सडसडीत, छाती हलकी. पडल्या पडल्या झोपला तो सकाळपर्यंत कुशीवरसुद्धा वळला नाही. पत्रूभाऊ त्याला आपल्या जागी झोपवून तिकडे मचाणावर. मी काय करणार? समोर जो श्वास येईल तो मोजायचा एवढंच मला शिकवलेलं. डबीत नाव घातलं होतं पत्रूचं, मी श्वास टिपले प्रफुलचे. खोटं मी एक अक्षर टिपलं नाही, तरी सकाळी डबीतून कागद निघाला तो खोटा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी सकाळ ती. आणि गंमत बघा, माझं कौतुक झालं तेही त्याच सकाळी! पत्रूभाऊंनी माझ्या डबीला कुंकू लावलं आणि 'मशीननं सांगतलं, पत्रू एकदम फिट,' म्हणत जंगलाच्या गेटवर चार जणांना कागद दाखवला.

कमळाबाई परत आली. दिव्यानीने तिला कागद वाचून दाखवला. रात्रभरात श्वास एकदाही थांबला नाही, माणूस एकदाही उठला नाही. कमळाबाईने आधी हात जोडले. मग ती थांबली.

"एकदाबी उठला नाई?"

"नाई, आई."

कमळाबाई नवऱ्याकडे वळली. "अवो, तुम्ही रातचे तीनदा लघवीले उठता. लगन झालं तवापासून एक रात मी अशी पाह्यली नाई. कोण झोपलं होतं याच्यावर?"

पत्रूभाऊ आधी चिडले आणि मग खरं ते बोलले. सगळंच बोलले. आठवड्यापूर्वी जंगलात एका वळणावर त्यांचा डोळा लागला होता. शेजारी बसलेल्या अजय गाईडने स्टेअरिंग ओढलं म्हणून जिप्सी नाल्याच्या काठावर थांबली. मागे सहा माणसं होती. त्यांत एक पाच वर्षांची पोर होती. ती माणसं वाघ दिसतो का म्हणून पलीकडे बघत होती, त्यांना काही कळलंच नाही. अजयने कोणाला सांगितलं नाही.

कमळाबाईने आवाज चढवला नाही. ती एवढंच म्हणाली, "त्या पोरीच्या जागी दिव्यानी असती तं बसवलं असतं तिले गाडीत? आता बसवान?"

दिव्यानी तिथेच उभी होती. पत्रूभाऊंनी तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. जेवण कोणाला गेलं नाही. नऊ वाजता ते स्वतः आले, माझ्यावरची गादी सारखी केली आणि आडवे झाले.

आता त्या रात्रीचं काय सांगू? अहो, कारखान्यातल्या चाचण्यांत मी किती जणांचे श्वास मोजले असतील, पण अशी भीती मला कधी वाटली नव्हती. घोरणं वाढत वाढत जायचं आणि एकदम बंद. छाती धडपडतेय, पोट वर ओढतंय, पण हवा काही आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, तीस. मग बुडणारा माणूस पाण्याबाहेर डोकं काढतो तसा एक श्वास. पुन्हा घोरणं, पुन्हा तेच. तासाला बत्तीस वेळा. एकदा तर चोपन्न सेकंद झाले, आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, घे रे बाबा, घे! तेवढ्यात वरून कोणीतरी जोरात हलवलं, आणि श्वास आला.

सकाळी पुनमताईंनी आलेख बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा काही शेवटचा निकाल नाई," त्या म्हणाल्या. "पक्कं सांगायले चंद्रपूरच्या डॉक्टराईकडे मोठी तपासणी करा लागते. पण जा लागनच, भाऊ. आणि तवरी गाडी नाई." मग त्यांनी बोट ठेवलं. "पण कमळाबाई, हे काय आहे? लांब थांबला का दर वेळी बाहेरून धक्का बसला आहे. चौदा वेळा."

"तो मी," कमळाबाई म्हणाली. "मी हालवतो न त्याईले. नाई हालवलं तं श्वास नाई घेत."

"काल रात्री?"

"रोजच."

"कधीपासून?"

कमळाबाईने दिव्यानीकडे बघितलं. "हे पोटात होती तवापासून."

दिव्यानी सोळा वर्षांची आहे. पत्रूभाऊ बायकोकडे वळले. म्हणाले, "म्या तुले दुपारी पेंगताना पाह्यलं का आळशी म्हणत होतो न वो." आणि ते रडले, मित्रांनो. मोठ्याने, पोरीसमोर, पुनमताईंसमोर रडले. नंतर त्यांनी खिशातून जिप्सीची किल्ली काढली आणि अजयजवळ ठेवायला म्हणून दारात आलेल्या प्रफुलच्या हातात दिली.

चंद्रपूरला तपासणी झाली. झोपताना नाकावर लावायचं हवेचं यंत्र मिळालं. पहिले काही दिवस पत्रूभाऊ ते रागाने काढून फेकत, हेही खरं सांगितलं पाहिजे. सध्या ते गेटवर पर्यटकांची ओळखपत्रं तपासतात आणि डॉक्टर परत गाडीवर बसायची परवानगी कधी देतात याची वाट बघतात. देतील का, मला माहीत नाही.

दोन महिन्यांनी पुनमताईंनी मला त्या गादीखाली पुन्हा घातलं. पत्रूभाऊ नाकावर यंत्र लावून झोपले. श्वास येत होता, जात होता. येत होता, जात होता. तरीही कमळाबाई जागी होती. तिचा हात त्यांच्या छातीवर होता, तो मला वरून जाणवत होता. सोळा वर्षांची सवय, ती अशी जाते का? बारा वाजले, एक वाजला. दोनच्या सुमारास तो हात जड झाला, हळूच घसरला आणि गादीवर पडला. थोड्या वेळाने दुसरा एक श्वास मला ऐकू आला, लांब आणि सावकाश. ती झोपली होती. सकाळी ऊन अंगणात आलं, शेळ्या ओरडायला लागल्या, तरी तिला कोणी उठवलं नाही. पत्रूभाऊंनी चहासुद्धा बाहेरच मांडला.

आता माझी विनंती. मला घडी घालू नका, पाण्यापासून जपा, हे डबीवर लिहिलेलंच आहे, ते पुनमताई बघतील. तुम्हाला सांगायचं ते वेगळं. प्रत्येक गावात माझ्यासारखी पट्टी नसते. पण बहुतेक घरांत असं एक माणूस असतं, जे दुसऱ्याचा श्वास ऐकत पडून राहतं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठतं. ते कधी सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारलेलंच नसतं. मित्रांनो, आज घरी गेलात की विचारा.