कोड आला का, रूपला?

नवे साहेब प्रसेनजित पुण्याहून ट्रेनिंग करून आले अन् आमच्या केनवडच्या दूध संस्थेतला भरवसा उठला. ‘झिरो ट्रस्ट’ म्हने! दाराले कोडचं कुलूप बसलं. दरवेळी नवा कोड, तो फोनवर येणार. संस्थेतली शीला लगन होऊन आली तवापासून ते दार उघडते, पन पानी प्याले बाहेर निघाली का तिलेबी पुन्हा कोड.

आता गंमत पाहा. आमच्या पत्र्याखाली रेंज कुठं हाय? रेंज फकत रस्त्यापलीकडं, रूपलाच्या चहाटपरीवर. मंग साहेबानंच साऱ्यायच्या नावापुढं, सोताच्याबी, रूपलाचा नंबर टाकला. शीलानं कुलपाचं बटन दाबलं का रूपला तिकडून बोंबलते, “चार सात दोन एक!” सारा चौक ऐकते. हे म्हने सुरक्षा. कर्म माह्यं!

परवा मी गावच्या बायांचं दूध घेऊन आली, तं शीला अन् साहेब दोघंबी बाहेर. दार लागलेलं, साहेबाची बॅग आत. अन् रूपला साळ्याच्या लग्नाले मेडशीले गेलता! उन्हात कॅना तापून राह्यल्या. दूध फाटलं असतं तं बायांनी मले फाडलं असतं.

शीलानं बटन दाबलं. साहेबानं टपरीपाशी जाऊन रूपलाले फोन लावला. बँडच्या गोंगाटात तो बिचारा कोड सांगून राह्यला, अन् साहेब इचारते, “तू रूपलाच कशावरून? बापाचं नाव सांग!” बापाचं नाव येईलोक कोड बाद. पुन्हा बटन, पुन्हा बाप. शेवटी कुलूपच रुसलं, घडीभर कोड देईना.

तेवढ्यात मोठ्या डेअरीची गाडी आली. डायव्हर लखन म्हने, “कॅना थेट नेतो, पन म्यानेजरनं हो म्हनलं पायजे.”

“मीच म्यानेजर,” साहेब म्हनले.

“कशावरून? कार्ड दाखवा.”

कार्ड बॅगेत. साहेबानं शीलाकडं पाह्यलं.

“मी काय सांगू बाप्पा?” शीला म्हने. “कोनावर भरवसा ठेवाचा नाही, असं तुमीच सांगतलं.”

मलेबी लय वाटलं, राहू द्यावं साहेबाले असंच उभं. पन दूध!

“हाव रे लखन, हाच आमचा साहेब.”

“मंजुषाताई म्हनते तं झालं,” म्हनून लखननं कॅना चढवल्या. ना कोड, ना कार्ड.

गाडी गेली. माह्या जिवात जीव आला. साहेब टपरीच्या बंद फळीवर जाऊन बसले होते.

“ताई, रूपला कधी येईल हो?”

“सांगीन नं साहेब,” मी म्हनलं, “पन मी सांगतलेलं तुमाले चालन का?”