बोल्टखालचा लाल रंग

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो, आणि मला भंगारात काढलं ते फक्त नखाएवढ्या रंगामुळे! थांबा, घाईघाईत शेवटच आधी सांगून बसलो. पहिल्यापासून सांगतो.

एकवीस वर्षं मी दुधाचे कॅन वाहिले. सकाळी एकेक गोठा गाठायचा, कॅन चढवायचे, आठच्या आत डेअरीवर हजर. मला चालवायचे मामा. सगळेच त्यांना मामा म्हणायचे, चिडली की मामीसुद्धा! चावी फिरवली रे फिरवली की मी सुरू. डेअरीवाले म्हणायचे, "ट्रक आला, घड्याळं लावून घ्या." काय भारी वाटायचं म्हणून सांगू!

मग यंदा थंडीच्या जरा आधी मामांनी मला रंगवलं. पाठीवर झोपून, खालून, चॅसीचा, म्हणजे माझ्या लोखंडी सांगाड्याचा, कानाकोपरा लालभडक. बॅटरीची एक जाड वायर चॅसीला बोल्टने आवळलेली असते बघा, अर्थिंगची. मामांनी तीही सोडली, तिच्याखालची जागा रंगवली, रंग वाळू दिला आणि वायर परत वर आवळली.

मामी म्हणाली, "मला कधी एवढं नटवलंत का हो?"

"तू कुठे कॅन वाहतेस?" मामा म्हणाले. मामीने फडकं फेकून मारलं.

पण लोखंडाला लोखंड टेकायला हवं ना! मध्ये रंग आला. ऊन होतं तोवर कसंबसं निभावलं. मग थंडी पडली, इंजिनातलं ऑइल मधासारखं घट्ट झालं, इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला दुप्पट जोर लागायला लागला आणि रंगाआडून तेवढा करंटच येईना. चावी फिरवली की नुसतं टक. दिवे मात्र लख्ख! म्हणून तर सगळे फसले.

मिस्त्री आले. नवी बॅटरी बसवली. टक. सेल्फ खोलून कार्बन बदलले. टक. पातळ ऑइल घातलं. टक. मामी गरम पाण्यात फडकी बुडवून इंजिनाला गुंडाळायची, तिचे हात लालेलाल व्हायचे, तरी टक. मी जीव तोडून ओरडत होतो, मित्रांनो, वायरीखाली बघा, वायरीखाली बघा! पण माझा आवाज म्हणजे तेवढाच. टक.

मग गवळी ढकलायचे. "मामा, दूध तुम्ही पोचवता की आम्ही?" ढकलल्यावर मी सुरू व्हायचो, पण आठ वाजून गेलेले असायचे आणि डेअरी दूध परत पाठवायची. पुढे तर रस्त्यावर दव गोठलं, चाकं नुसती घसरायला लागली. माझे मालक मामांना म्हणाले, "मामा, शनिवारी सुरू झाला तर ठीक. नाहीतर भंगार."

शनिवारी मामांनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. "चल ना रे राजा. आजच्या दिवस."

टक.

भंगारवाल्याने आधी माझं इंजिन काढलं. ते साखळीला लटकत होतं तेव्हा मामा आले, त्यांच्या सीटवरची उशी न्यायला. भंगारवाला बॅटरी सोडवत होता. म्हणाला, "अहो, रंगावर वायर कुणी आवळली ही? एवढंच खरवडलं असतं तर फाटकन सुरू झाला असता की!"

मामांनी उशी खाली ठेवली, वाकले आणि अंगठ्याच्या नखाने तो रंग खरवडायला लागले. खालून लोखंड चमकलं, अगदी नवं. तरी ते खरवडतच राहिले.

मित्रांनो, तुमच्याकडचं कुणी माझ्यासारखं नुसतं टक म्हणत असेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी जरा वाकून बघा. जिथे तुम्ही हौसेने हात फिरवलाय, तिथे आधी बघा.

आणि मामा कुठे भेटले तर त्यांना सांगा, मला राग नाही. रंग खरंच फार छान दिसत होता.