नापास झालेल्याला विचारावं

छोटी गाडी मूल गावच्या स्टेशनात थांबली तेव्हा फलाटावर भाऊ नव्हता. गिरजावयनी एकटीच उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

"भाऊ कुठी आहे?" मी खिडकीतूनच विचारलं.

"घरी हाये. ट्रंक दे इकडं."

"बरं नाही का त्याले?"

"बरं हाये. खाते, पेते, बोलते. तू पास झाला नं? मंग झालं तं."

१९५५ सालचा जून होता. बी. एस्सी.चा निकाल मी तारेने कळवला होता: पहिला वर्ग. चार वर्षांत मी नागपूरहून आलो आणि भाऊ स्टेशनावर नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

भाऊ म्हणजे केवळराम, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आम्ही धीवर. तो तळ्यात जाळं टाकायचा आणि मासोळी नसेल तेव्हा राइस मिलमध्ये पोती वाहायचा. शिक्षण चौथीपर्यंत. पण मी मॅट्रिक झालो त्या उन्हाळ्यात त्याने एक शोध चालवला होता. कॉलेजात जाऊन नापास झालेली माणसं तो गाठायचा आणि विचारायचा, "भाऊ, तुमी नापास काऊन झाले?"

मला फार लाज वाटे. "अरे, पास झालेल्यांना विचार की!" मी एकदा चिडून म्हणालो.

"त्याले काय मालूम? त्याले वाटते आपुन हुशार म्हून पास झालो. नापास झालेल्याले इचाराव. जाळं कुठी फाटलं तेच पाहा लागते. बाकीचं जाळं पाहून काय करतं?"

अशी अकरा माणसं त्याला मिळाली. काही रागावली, बहुतेकांनी सांगितलं. कचेरीतले गुणवंतराव प्रयोगवहीवर सह्या घ्यायच्या राहिल्या म्हणून अडकले होते. नूर मोहम्मद शिंप्याच्या धाकट्या भावाला विहिरीचं पाणी पिऊन ऐन परीक्षेत टायफॉइड झाला होता. एकाने मित्राने उतरवलेल्या टाइमटेबलवर विश्वास ठेवला आणि तो पेपर होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी हॉलवर पोचला. या सगळ्यांतून भाऊचे नियम तयार झाले. गाडी सुटण्याआधी तो ते बोटांवर मोजून सांगायचा:

"टाइमटेबल आपल्या डोळ्यानं पाहाजो. पानी उकळून पेजो. वहीवर सही रोजच्या रोज घेजो. उपाशी पोटानं पेपरले जाऊ नोको. फारम आखरी दिवसावर ठेवू नोको. अन् घरची फिकर करू नोको."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. प्रत्येक नियम मी तपासून पाहिला. एकही खोटा निघाला नाही. माझ्या खोलीतले दोघे जण याच कारणांनी मागे पडले. शेवटचा नियम मात्र कोणत्याही नापासाकडून आलेला नव्हता. तो भाऊचा स्वतःचा होता.

घरी पोचलो. भाऊ ओट्यावर बसला होता. मला पाहताच त्याचा चेहरा फुलला. शेजारची काठी त्याने घेतली, दोन्ही हातांनी तिच्यावर भार देऊन तो उठला आणि माझ्याकडे चालत आला.

सहा पावलं असतील. ती मी मोजली. गुडघे किंचित वाकलेले होते आणि टाचा जमिनीला लागतच नव्हत्या. प्रत्येक पाऊल दुसऱ्या पावलाच्या पुढे आडवं येत होतं, कात्री चालावी तसं. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहून जाळं फेकणारा माझा भाऊ चवड्यांवर थरथरत येत होता.

"भाऊ, हे काय?"

"काई नाई रे. फागुनात एका सकाळी उठलो तं पाय लाकडावानी. वैदू म्हने वारं गेलं. तुह्या परीक्षेचे दिवस होते, म्हून लिहलं नाई."

मी त्याच्या पायांकडेच पाहत होतो. हे चालणं मला ओळखीचं वाटत होतं. आणि मग लक्षात आलं, मी ते कधी पाहिलं नव्हतं. मी ते लिहिलं होतं.

"यंदा काय खात होते घरी?" मी विचारलं.

वयनी चुलीकडून म्हणाली, "काय खाऊ? धान पिकलं नाई. तळं आटलं. मागल्या सालची लाखोरी तेवढी होती. मजुरीतही लाखोरीच भेटे. तिचीच रोटी, तिचीच दाळ. दिवाळीपासून तेच."

"आणि माझा तांदूळ? तुरीची डाळ?"

दर दोन महिन्यांनी गाडीच्या गार्डाबरोबर घरून माझ्यासाठी नागपूरला पिशवी यायची. त्या वर्षीही आली होती.

"ते तुह्यं होतं," वयनी म्हणाली. "शिकनाऱ्याले बरं खा लागते."

मी ट्रंक उघडली. वनस्पतिशास्त्राची वही तळाशी होती. दीड वर्षापूर्वीची तारीख. पाचरीसारख्या बीची आकृती, दहापैकी नऊ गुण. खाली माझ्याच सुबक अक्षरात: लाखोळी, म्हणजेच लाखोरी, लाखेची डाळ. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात. चाल कात्रीसारखी. उपाय नाही.

त्यातलं नेमकं विष कोणतं हे अजून सापडलेलं नाही, असंही प्राध्यापक म्हणाले होते. वयनीनेही तेच खाल्लं आणि तिला काही झालं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पण खाऊ नका, निदान फक्त तेच खाऊ नका, एवढं सांगायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं.

"भाऊ, हे लाखोरीनं झालं."

"लाखोरी तं सारं गाव खाते."

"त्यानंच झालं. मले माहीत होतं. दीड वर्षापासून माहीत होतं."

भाऊने वही ओढून घेतली आणि आकृतीवरून बोट फिरवलं. तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडावं असंही वाटलं. पण त्याने मान वर केली आणि गुणवंतरावांना विचारलं होतं अगदी त्याच आवाजात, जाणून घ्यायचं म्हणून, मला विचारलं,

"मंग काऊन नाई सांगितलं?"

मी खरं शोधायचा प्रयत्न केला. विसरलो नव्हतो. घरच्या मडक्यात काय शिजतं तेही मला ठाऊक होतं.

"मले वाटलं, ते परीक्षेच्या पेपरात येईल. तेवढ्यासाठीच पाठ केलं."

"आलं का?"

"नाही."

त्याने मान हलवली. "पाय परत येते का?"

"नाही, भाऊ."

वयनी उठली. कोपऱ्यातली लाखोरीची अर्धी कोठी तिने एकटीने ओढत अंगणात नेली. परत आली तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात धू. जेवून घे."

जुलैत नूर मोहम्मदचा मुलगा जहीर नागपूरला कॉलेजात निघाला. भाऊने हट्टच धरला, म्हणून त्याला बैलबंडीत बसवून आम्ही स्टेशनावर नेलं. मी आणि नूर मोहम्मदने त्याला उचलून बाकावर ठेवलं. त्याच्या चपला माझ्या हातात राहिल्या.

भाऊने बोटं मोजायला सुरुवात केली. टाइमटेबल. पाणी. सही. उपाशी पोट. फारम. मग तो थांबला. घरची फिकर करू नोको, हे त्या दिवशी त्याने म्हटलंच नाही.

"अन् कॉलेजात जे शिकशीन ते घरी लिहून पाठवजो. पेपरात येवो का नाई येवो."

जहीर हसला. "बाकी सब समझा, चाचा. ये किसलिये?"

"एक जन त्याच्यात नापास झाला होता."

"कौन?"

"हाये एक." भाऊने गाडीकडे हात केला. "चाल, बस डब्यात. अन् पानी उकळून पेजो."

गाडी सुटली. धूर निवळेपर्यंत भाऊ हात हलवत होता. मी खाली बसलो आणि त्याच्या पायांत चपला घालू लागलो. चवड्याखालचं चामडं घासून आरपार गेलं होतं. टाचेकडे मोच्याने ठोकलेले खिळे अजून नव्यासारखे चमकत होते.