दारालगतची जागा

ही सन एकतीसची गोष्ट. आमच्या म्युनिसिपालिटीच्या प्रेसिडेंटची मुदत तीन वर्षांची, आणि रावजीभाऊ त्या खुर्चीत चौथी मुदत काढत होते.

आमच्या दारासमोरच्या विहिरीला कठडा नव्हता. आमची मैना चालायला लागली तशी मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, एक टोक तिच्या कमरेला आणि दुसरं ओटीच्या खांबाला बांधलं. बी. ए. झालेली बाई पोरीला वासरासारखं बांधते, म्हणून आळी हसली. हसो बापडी. अर्ज मी चार केले. दर वेळी रावजीभाऊ गोड बोलायचे, "वहिनी, ही मुदत तर संपतच आली. पुढच्या मुदतीत पहिलं काम तुमचा कठडा!"

मासळीवाल्या ठमाबाईला हे सांगितलं, तर ती डोईवरची पाटी उतरवत म्हणाली, "बाय, तुमच्यात बारी न्हाय व्हय?"

"कसली बारी?"

"आमच्या बाजारात दारालगतची जागा सोन्याची, गिऱ्हाईक पयलं तिथंच. म्हणून एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत एकीनं बसायचं, मग उठून आत जायचं. दारात बसणारीला आतली गळती दिसत न्हाय."

"आणि उठलीच नाही तर?"

"भांडत न्हाय आमी. रिकाम्या पाट्या तिच्याभोवती मांडतो. गिऱ्हाइकाला वाटच उरत न्हाय!"

प्रेसिडेंटची निवड आठ दिवसांवर आली होती. मी एवढंच बोलले, "रावजीभाऊंची ओटी चांगली ऐसपैस आहे, नाही?" आणि मैनेची गाठ तपासायला वळले.

दुसऱ्या दिवशी त्या ओटीवर अकरा पाट्या. रिकाम्या खऱ्या, पण सुक्या बोंबलांच्या. मतांचं पक्कं करायला येणारे मेंबर उपरण्यानं नाक धरून फाटकातूनच परतू लागले.

"काय पाहिजे काय तुम्हाला?" रावजीभाऊ ओरडले.

"काय न्हाय, भाऊ," ठमाबाई म्हणाली. "तुमची बारी झाली."

चौथ्या दिवशी मेंबरांनी ठराव केला, दोन मुदतींवर कुणी प्रेसिडेंट राहायचं नाही. निवडीच्या दिवशी मेंबरांपैकीच गुणाजीशेठ निवडून आले, रावजीभाऊ उरले साधे मेंबर.

प्रेसिडेंटला मिळणारी बैलांची दमणीही शेठकडे गेली. भाऊ आता कचेरीला पायी, आणि जवळची वाट आमच्या विहिरीवरून. तिसऱ्याच दिवशी शेवाळावर त्यांचा पाय घसरला. माणूस काठावर राहिला, छत्री आणि एक पायताण आत गेलं. खरं सांगते, मी आधी मैनेची गाठ पाहिली, मग त्यांना हात द्यायला धावले.

आमचे हे कचेरीत कारकून. त्यांनी घरी येऊन सांगितलं की भाऊ तसेच एका पायताणानिशी सभेत उभे राहिले: "त्या विहिरीला कठडा झालाच पाहिजे!"

गुणाजीशेठ गोड हसले. "पाहू की, पुढच्या मुदतीत..."

"पुढची मुदत केवढी लांब असते ते मला विचारा!" भाऊ गरजले.

पंधरा दिवसांत कठडा उभा राहिला. ठमाबाईनं त्यावर पाटी टेकवली. "बघ बाय. आत बसला नि गळती दिसली."

मी मैनेची पट्टी सोडली. पोरगी धावत सुटली ती थेट कठड्यापाशी, आणि लागली की त्यावर चढायला!